वरचा थर

शर्यतीच्या मोटारी, विमाने आणि महागड्या सायकली यांच्याविषयी ज्यांनी थोडेफार वाचले आहे त्यांना 'कार्बन फायबर' हा शब्द नवा नाही. पोलाद पाण्याच्या पावणेआठ पटींहून किंचित जड असते. कार्बनचे धागे आणि रेझिन मिळून झालेला पत्रा पाण्याच्या जेमतेम दीडपट भरतो, आणि तरीही वजनाच्या मानाने तो पोलादाहून बळकट ठरतो. १९८१ साली मॅक्लारेन या ब्रिटिश संघाने जॉन बर्नार्ड या अभियंत्याच्या आराखड्यानुसार फॉर्म्युला वन गाडीचा मुख्य सांगाडाच या पदार्थाचा केला. असले ठिसूळ प्रकरण धडकेत फुटून जाईल, असे तेव्हा अनेकांना वाटत होते. त्याच वर्षी इटलीतील मॉन्झा येथे जॉन वॉटसन या चालकाची गाडी कठड्यावर आदळली, तिचे इंजिन मागच्या मागे तुटून पडले, आणि वॉटसन मात्र त्या सांगाड्यातून सुखरूप बाहेर आला. शंकेखोरांना यापेक्षा वेगळे उत्तर द्यायची गरज उरली नाही.

अशी कीर्ती असलेली ही वस्तू आमच्या अंगणात आली तेव्हा मात्र दुधात बुडवून वाळत घातलेल्या घोंगडीसारखी दिसत होती.

वाचकांना साहजिकच प्रश्न पडेल की, कलाशाखेच्या दुसऱ्या वर्षात इतिहास शिकणाऱ्या मुलीला मोटारीच्या बॉनेटशी काय कर्तव्य? कर्तव्य इतकेच की, आण्णा, म्हणजे माझे वडील, हे मोटारी रंगवणारे कारागीर. इचलकरंजीत आणि कोल्हापुरात मिळून बावीस वर्षे त्यांनी डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानांतून स्प्रे गन चालवली. पुढे पुढे संध्याकाळी घरी आल्यावर त्यांना खोकल्याची उबळ येऊ लागली, रात्री छाती घरघरू लागली. २०२३ च्या पावसाळ्यात डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले, "गन सोडा." आण्णांनी ती सोडली. तेव्हापासून अंगणात पत्र्याच्या सावलीत बसून ते मोटारींचे पिवळे पडलेले हेडलाइट घासून देतात, ओरखडे काढतात, बफिंग करतात. गनवाचून होईल तेवढेच काम घ्यायचे, असा त्यांचा नेम आहे.

२०२५ च्या मार्च महिन्यात हेडलाइट करून घेतलेल्या एका गिऱ्हाइकाने टेम्पोतून ते बॉनेट आणून टाकले. गाडी त्याने जुनी घेतलेली; आधीच्या मालकाने मूळचे पत्र्याचे बॉनेट काढून हौसेने हे बसवलेले. त्यानंतर गाडी काही वर्षे उघड्यावर उभी राहिली असावी. पुढच्या कडेला वरचा पारदर्शक थर पापुद्र्यासारखा सुटला होता, मधोमध पिवळट पांढरी झाक आली होती, आणि जिथे तिथे कोरड्या तळ्यातल्या चिखलासारख्या बारीक भेगा होत्या. गिऱ्हाइकाचे म्हणणे असे की, "जमलं तर आतलं विणकाम दिसू द्या, नाही तर सरळ काळा मारून टाका." काळा मारायचा म्हणजे गन आली. आण्णा थोडा वेळ बॉनेटकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हेडलाइटचंच थोरलं भावंड हाय हे. घासून बघू."

त्यांची ही तुलना अगदी बरोबर होती, हे मला पुढे वाचून कळले. हेडलाइटची काच म्हणजे खरे तर काच नव्हे; ते पॉलीकार्बोनेट नावाचे प्लॅस्टिक. त्यावर उन्हापासून जपणारा एक कठीण थर दिलेला असतो. तो थर उन्हाने खाल्ला की खालचे प्लॅस्टिक पिवळे पडते. बॉनेटचेही तसेच. सर्वांत आत कार्बनचे कापड, त्याला बांधून ठेवणारे इपॉक्सी रेझिन, आणि सर्वांत वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक लॅकरचा थर. उन्हातले अतिनील किरण कार्बनच्या धाग्याचे जवळजवळ काहीच बिघडवू शकत नाहीत. ते बिघडवतात इपॉक्सीला. इपॉक्सी पिवळे पडते, त्याची भुकटी होऊ लागते, भेगांतून पाणी शिरते आणि पांढरे डाग पडतात. क्लिअरमध्ये हे किरण शोषून घेणारी द्रव्ये घातलेली असतात. पण शोषता शोषता तीही संपतात. या क्लिअरची एकूण जाडी वहीच्या एका पानाहूनही कमी. म्हणजे लोक ज्याला 'कार्बन फायबर खराब झाले' म्हणतात, ते बहुधा कार्बन खराब झालेले नसतेच. खराब झालेला असतो वरचा थर.

काम घेण्याआधी आण्णांनी रुपयाचे नाणे घेऊन सबंध बॉनेट टिचक्या मारत तपासले. पत्रा आतून धड असला की आवाज खणखणीत येतो. थर एकमेकांपासून सुटले असले की बोदा येतो. उलट्या बाजूने पाहिल्यावर कळले की कार्बनचे कापड वरच्या अंगालाच आहे, खाली काचतंतूंचे अस्तर. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ बॉनेटांची रचना अशीच असते. कुलपाची जागा आणि बिजागऱ्यांच्या जागा त्यांनी दोनदा तपासल्या. "हितं चिर असती तर परत दिलं असतं," ते म्हणाले. "चालत्या गाडीत बॉनेट उघडलं तर काचेवर येतंय. ते पॉलिशनं झाकायचं काम न्हवं."

आई त्या दिवशी कामावरून उशिरा आली. ती यंत्रमागाच्या कारखान्यात कांडी मशीनवर आहे. दारातच बॉनेट आडवे पडलेले पाहून ती आधी चिडली, मग ओला हात पुसता पुसता तिने तो बॉनेटवरून फिरवला. पाण्याने ओली झालेली तेवढी पट्टी एकदम काळीभोर झाली आणि तिच्यात तिरप्या रेघा उमटल्या. आई खाली वाकली. "अगं, हे तर ट्विल हाय!"

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला तो १९०४ साली. तेव्हापासून या गावात कापड नुसते पाहून वीण ओळखणारी माणसे गल्लोगल्ली आहेत. आईने बोटाने मोजून दाखवले: आडवा धागा दोन उभ्या धाग्यांवरून जातो, दोहोंखालून जातो, आणि दर ओळीला एका धाग्याने पुढे सरकतो. म्हणूनच ती तिरपी रेघ दिसते. फरक इतकाच की इथला प्रत्येक 'धागा' म्हणजे हजारो तंतूंचा चपटा पेड. या प्रकारच्या कापडात बहुधा तीन हजार तंतूंचा पेड वापरतात. एक तंतू सुमारे सात मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाचा.

मग मी हे तंतू होतात कसे ते शोधून काढले आणि रात्री दोघांना वाचून दाखवले. बहुतेक कार्बन फायबर पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल नावाच्या कृत्रिम धाग्यापासून करतात. बाजारात स्वेटरसाठी जी अ‍ॅक्रिलिक लोकर मिळते ती याच कुळातली. तो धागा ताणून धरून आधी दोनशे ते तीनशे अंशांवर हवेत तापवतात, आणि मग प्राणवायू वगळून हजार अंशांच्या वर. धागा जळत नाही. त्यातले बाकी सगळे निघून जाते आणि कार्बन तेवढा उरतो. शेवटी त्यावर एक पातळ लेप देतात, नाही तर यंत्रावर घासून तंतू तुटतील. या लेपाला म्हणतात 'सायझिंग'. हा शब्द ऐकल्यावर आई हसली. आमच्या गावात सायझिंग कुणाला सांगावे लागत नाही. मागावर जाण्याआधी ताण्याच्या सुताला खळ देतात ते हेच. खळ नसेल तर सूत मागाचे हिसके सोसत नाही. आणि कापड तयार झाले की तीच खळ धुऊन टाकतात. जिच्यामुळे कापड झाले, तिचा कापडात मागमूस राहत नाही.

दुसऱ्या दिवसापासून घासायला सुरुवात झाली. आधी साबणाच्या पाण्याने धुऊन, मेण आणि तेलकटपणा काढून, कडांना टेप लावला; कारण कडेला थर नेहमीच पातळ असतो आणि हात नेमका तिथेच जोर करतो. मग चारशे नंबरचा वॉटर पेपर रबराच्या ठोकळ्याला गुंडाळून, सतत पाणी सोडत, लांब लांब हात. बोटांनी घासायचे नाही. बोटांच्या खाली खाचा पडतात. कोरडेही घासायचे नाही. कोरड्या घासण्याने उडणारी धूळ अंगाला खाजते आणि छातीत जाते. आमच्याकडे छाती हा विषय आधीच नाजूक.

या कामातली सगळी अक्कल पाण्याच्या रंगात आहे. वाहून जाणारे पाणी दुधासारखे पांढरे आहे तोवर क्लिअर आणि खराब रेझिन निघते आहे असे समजावे. पाण्यात काळी झाक आली की त्याच क्षणी हात उचलायचा. कारण ती झाक कार्बनची. धागा एकदा कापला गेला की त्याला इलाज नाही. पत्र्याच्या गाडीला चुकून खड्डा पडला तर पुट्टी भरता येते, प्राइमर मारता येतो, वरून रंग देता येतो. इथे वर जे काही द्यायचे ते पारदर्शकच. आण्णा एकदा हात थांबवून म्हणाले, "बावीस वर्षं झाकायचं काम केलं. ह्यात झाकायला जागाच न्हाई."

सहा दिवस घासणे चालले. सकाळी कॉलेजला जाण्यापूर्वी तासभर मी पाणी सोडायला बसत असे. चौथ्या दिवशी बॉनेट वाळल्यावर सबंध पांढुरके, राख फासल्यासारखे दिसू लागले, आणि बघणाऱ्या शेजाऱ्यांनी ते पुरते बिघडले असे ठरवून टाकले. आण्णांनी काही न बोलता त्यावर तांब्याभर पाणी ओतले. पाणी पसरत गेले तशी खालची वीण काळी, स्वच्छ उजळत गेली. पांढरेपणा होता तो पेपरच्या बारीक ओरखड्यांचा. पाण्याने ओरखडे भरले की उजेड विखुरत नाही आणि आतले दिसते. ओले केल्यावरही जे पांढरे राहील तेवढेच खोलवरचे. तशा जागा तीन निघाल्या. दोन ठिकाणी रेझिन झिजून तंतूंमध्ये हवा शिरली होती; नवे इपॉक्सी मुरले की त्या जाणार होत्या. तिसरी जागा वेगळी होती.

ती आईला दिसली. उजव्या कडेजवळ, पाच रुपयांच्या नाण्याएवढ्या भागात, तिरपी रेघ तुटली होती. "हितं पेड खाल्लाय कुणीतरी," ती म्हणाली. आधीच्या कुणी कारागिराने कधीतरी पॉलिश करताना मशीन जास्त वेळ एका जागी टेकवले असावे आणि वरून क्लिअर मारून दिले असावे. पांढऱ्या झाकेखाली इतके दिवस ते लपून राहिले होते. आता पांढरे निघाले आणि ते उघडे पडले. आण्णांनी त्याच संध्याकाळी गिऱ्हाइकाला बोलावून ती जागा दाखवली आणि सांगितले, "हे जाणार न्हाई. वर स्टिकर लावून देऊ का तसंच ठेवू, तुम्ही सांगा." तो म्हणाला, विचार करून सांगतो.

एव्हाना सामान आले होते: इपॉक्सीचे दोन डबे, क्लिअरचा एक आणि त्याच्या हार्डनरचा एक. डब्यांवरचा मजकूर इंग्रजी, अक्षर बारीक. बावीस वर्षे आण्णांनी असे डबे रोज फोडले. त्यावर काय लिहिले आहे हे त्यांना कुणी वाचून दाखवले नव्हते. प्रमाण सांगितले जाई, बाकीचे वासावरून कळे. मी पहिल्यांदा इपॉक्सीचे पत्रक वाचले. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, मिश्रण वजनाने करा, शंभराला तीस. दुसरी, हे रेझिन उन्हाला टिकत नाही, त्यावर अतिनील किरण अडवणारा क्लिअर द्यावाच लागेल. म्हणजे नुसत्या इपॉक्सीवर काम थांबवले तर थोड्याच काळात बॉनेट पुन्हा पिवळे. आण्णांनी काम घेतले होते ते गन लागणार नाही म्हणून. आणि शेवटच्या पायरीवर गन उभीच होती.

"दोन हातांचं काम हाय," आण्णा म्हणाले. "तोंडाला फडकं बांधून मारतो."

मग मी हार्डनरचा डबा वाचला. श्वासाबरोबर शरीरात गेल्यास अ‍ॅलर्जी, दम्याची लक्षणे किंवा श्वास घेण्यास त्रास होऊ शकतो, असे त्यावर सरळ लिहिले होते. कारण देणारा शब्द होता: आयसोसायनेट. आण्णांनी तो दोनदा म्हणायला लावला आणि विचारले, "हे भोपाळचं न्हवं?"

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून जो विषारी वायू सुटला आणि ज्याने हजारो माणसे मारली, तो मिथाइल आयसोसायनेट. डब्यातला पदार्थ तो नव्हे, हे मी त्यांना सांगितले. तो चटकन वायुरूप होणारा. गाडीच्या क्लिअरचा हार्डनर बहुधा दुसऱ्या, जड आयसोसायनेटपासून करतात आणि तो आपण होऊन फारसा उडत नाही. पण दोन्हींत चटकन क्रिया करणारा गट एकच, आणि गनचे कामच मुळी द्रवाचे बारीक तुषार करण्याचे. ते तुषार थेट फुप्फुसात जातात. एकदा का शरीराला त्याचे वावडे निर्माण झाले की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही दम लागतो. फडक्याने ते अडत नाहीत. आणि वासावर विसंबावे तर वास येण्यापूर्वीच अपाय होण्याइतके ते हवेत असू शकतात. म्हणून हे काम करणाऱ्याला बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा टोप लागतो.

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला आणखी एक गोष्ट सापडली होती. ज्या प्रयोगशाळेत १९५८ साली रॉजर बेकन या तरुण शास्त्रज्ञाला अतिशय बळकट असे कार्बनचे तंतू पहिल्यांदा मिळाले, ती अमेरिकेतील ओहायो राज्यातली प्रयोगशाळा युनियन कार्बाइडचीच होती. पुढच्या काळात जपानमध्ये अकिओ शिंदो यांनी आणि ब्रिटनमध्ये फार्नबरोच्या संशोधकांनी हे तंतू करण्याची रीत बसवली, आणि ते विमानांत, गाड्यांत आले. म्हणजे आमच्या अंगणात जे कार्बनचे कापड पडले होते त्याच्या वंशावळीत, आणि भोपाळच्या त्या रात्रीच्या कागदपत्रांत, कंपनीचे नाव एकच. यावरून कार्बन फायबर वाईट ठरत नाही, हे मला कळते. पण एखाद्या वस्तूचा इतिहास लिहिताना ती कुणी शोधली एवढेच लिहून भागत नाही. ती हाताळणाऱ्यांच्या अंगावर कोणता थर होता, हेही लिहायला हवे, असे मला तेव्हापासून वाटते.

आण्णांनी सगळे ऐकून घेतले. पण ऐकणे वेगळे आणि पटणे वेगळे. "बावीस वर्षं मारला," ते म्हणाले, "आता एका बॉनेटनं काय हुतंय? आणि काम अर्धं दुसऱ्याकडं द्यायचं म्हणजे लोक म्हणतील, ह्याला जमत न्हाई." त्यांना पैशांपेक्षा हे अधिक लागले होते. बॉनेट त्यांच्या हाताने उजळले होते. शेवटचा हात दुसऱ्याचा लागावा हे त्यांना सोसत नव्हते. माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हते. डब्यावर जे लिहिलेले असते ते मी वाचू शकत होते. हे कुठल्या डब्यावर लिहिलेले नव्हते.

उत्तर आईने दिले, तेही भाकरी थापता थापता. "सूत सायझिंगला देत्यात न्हवं? घरी कोण खळ देतंय? म्हणून काय कापड मागवाल्याचं नसतंय व्हय?"

आण्णा काही बोलले नाहीत. पण इचलकरंजीच्या माणसाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. सूत एकीकडे, सायझिंग दुसरीकडे, माग तिसरीकडे, धुलाई चौथीकडे. आणि तरी कापडाला ओळखतात ते ज्याच्या मागावर विणले त्याच्याच नावाने. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोल्हापूरकडच्या एका वर्कशॉपमध्ये फोन लावला. तिथे रंगकामाची बंद खोली आहे, आणि पूर्वी आण्णांच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा तिथे गन चालवतो.

इपॉक्सी मात्र आम्ही घरीच दिले. त्यात फवारा नसतो, ब्रशने पसरायचे असते. पण कातडीला ते बाधते, म्हणून हातमोजे घालून ओतण्याचे काम माझ्याकडे आणि लांबून सांगण्याचे आण्णांकडे. दोन स्टुलांवर बॉनेट आडवे ठेवून पातळी साधली. मार्चमधल्या दुपारच्या उन्हात मिश्रण पेल्यात राहिले तर आपल्याच उष्णतेने तापून दगड होते, म्हणून थोडे थोडे कालवायचे. तेही उतरत्या उन्हाला. कारण बॉनेट तापत असताना आतली हवा फुगून बुडबुडे वर येतात, निवत असताना ती आकसते आणि रेझिन आत ओढले जाते. पहिला हात अगदी पातळ. तो बोटाला चिकटतो पण बोटावर येत नाही, अशा अवस्थेत दुसरा. रात्री कंदिलासारखा बल्ब धरून पाहिले तर त्या दोन पांढऱ्या जागा नाहीशा झाल्या होत्या. तिसरी होती तशीच होती, फक्त आता स्वच्छ दिसत होती.

दोन दिवसांनी पृष्ठभाग पाण्याने धुऊन, आठशे नंबरने एकसारखा करून, बॉनेट चादरीत गुंडाळून टेम्पोतून वर्कशॉपला नेले. त्या मुलाने अंगभर पोशाख चढवला, डोक्यावर टोप घातला, टोपाला हवेची नळी जोडली आणि आत गेला. आम्ही काचेबाहेर होतो. आण्णांनी आपल्या बावीस वर्षांत असा टोप कधी घातला नव्हता. गन उजवीकडून डावीकडे गेली की त्यांचे मनगट नकळत तेवढेच वळत होते. तीन हात झाले. बाहेर येऊन मुलाने टोप काढला आणि विचारले, "बरोबर बसला का, आण्णा?" आण्णा म्हणाले, "बसला. कडंला हात सावकाश नेलास, ते बरं केलंस." मग त्यांनी तो टोप हातात घेऊन आतून-बाहेरून पाहिला आणि किंमत विचारली. किंमत ऐकून तो जपून खाली ठेवला.

आठवड्याने घरी दीड हजार, दोन हजार, तीन हजार नंबरचे पेपर आणि शेवटी पॉलिश. काम संपले तेव्हा बॉनेटमध्ये आमच्या पत्र्याच्या छपराचा पन्हळ न् पन्हळ दिसत होता. गिऱ्हाइकाने ती उजवी कड बराच वेळ पाहिली आणि स्टिकर नको म्हणाला. "मला माहीत असलेलं बरं. विकताना मीच दाखवीन." आण्णांनी त्याला सांगितले की गाडी सावलीत लावा, पक्ष्यांची विष्ठा लगेच धुवा, आणि हाही थर कायमचा नाही, काही वर्षांनी पिवळी झाक दिसू लागली तर भेगा पडण्याची वाट न बघता या, तेव्हा काम थोडक्यात होईल.

ठरले होते नऊ हजार. सामानाला तीन हजार चारशे गेले; वर्कशॉप आणि टेम्पो मिळून तीन हजार दोनशे. हातात राहिले दोन हजार चारशे, आणि अंगमेहनत अकरा दिवसांची. घरीच गन चालवली असती तर आणखी दोन हजार तरी राहिले असते. हा आकडा आमच्या घरात लहान नाही, आणि तो गमावला त्याची हळहळ कुणालाच वाटली नाही असे मी लिहिणार नाही.

टिकाऊ वस्तू म्हणजे न झिजणारी वस्तू, असे आपण समजतो. मला आता तसे वाटत नाही. जे टिकते त्याच्या वतीने दुसरे काहीतरी झिजत असते: कार्बनसाठी क्लिअर, सुतासाठी खळ, चकचकीत गाड्यांसाठी कुणाची तरी छाती. पहिल्या दोन थरांची किंमत बिलात धरलेली असते. तिसऱ्याची धरत नाहीत, कारण तो थर आहे हेच दिसत नाही. पाण्यासारखा पारदर्शक असतो. तो पुन्हा देता येत नाही, एवढाच त्याच्यात आणि क्लिअरमध्ये फरक.

त्यानंतर आण्णांकडे अशी आणखी दोन कामे आली, एक आरशाचे कव्हर आणि एक स्पॉयलर. अंदाजपत्रक ते सांगतात आणि मी लिहिते. त्यात आता एक ओळ स्वतंत्र असते: 'क्लिअर, बंद खोलीत, बाहेरून करून: खर्च वेगळा.' एका गिऱ्हाइकाने घासाघीस करताना नेमकी तीच ओळ खोडा म्हटले. आण्णा म्हणाले, "बाकी कुठलीबी खोडा."

ते काम आले नाही. ओळ मात्र कागदावर तशीच आहे.